1812 च्या युद्धाची पार्श्वभूमी : खलाशी नेमका कोणाचा?

1 जून 1812 ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी संसदेपुढे ब्रिटनविरुद्धच्या तक्रारी मांडल्या. त्यात पहिली तक्रार होती अमेरिकी जहाजांवरून खलाशी जबरदस्तीनं उचलून नेण्याची. 18 जूनला युद्ध पुकारलं गेलं. पुढे 24 डिसेंबर 1814 ला घेंट शहरात तह झाला, आणि त्या तहात खलाशांबद्दल एक अक्षरही नाही. वॉशिंग्टन कसं जळलं, न्यू ऑर्लिन्सला काय झालं, हे कुठेही वाचायला मिळतं. ज्यावरून भांडण सुरू झालं ते भांडणातून गेलं कुठे, हे मात्र क्वचित सांगितलं जातं.

मुळात शब्दापासूनच गुंता आहे. इंग्रजी 'इम्प्रेसमेंट'साठी मराठीत बहुधा 'सक्तीची भरती' लिहितात. भरती म्हटलं की मैदान, रांगा, छातीचं माप असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इथे भर समुद्रात जहाज थांबवून, माणसं डेकवर उभी करून, त्यातली हवी ती उचलून नेत. 'वेठीला धरणं' हा आपला शब्द जास्त जवळचा. पण वेठीत एक गोष्ट गृहीत असते : धरणारा राजा आणि धरला जाणारा त्याची रयत. तंटा नेमका याच गृहीतावर होता. हा खलाशी रयत कोणाची?

ब्रिटिश कायद्याचं उत्तर सरळ होतं. राजाच्या राज्यात जन्मलास, तर मरेपर्यंत राजाचा. मधे कुठे शपथ घेतलीस, कुठे घर केलंस, याला किंमत नाही. अमेरिकेच्या कायद्यानुसार पाच वर्षं राहून शपथ घेतली की माणूस अमेरिकी. म्हणजे डब्लिनमध्ये जन्मून फिलाडेल्फियात स्थिरावलेला खलाशी एकाच वेळी दोघांचा होता, आणि दोघंही आपापल्या कायद्यानं खरं बोलत होते. ब्रिटननं आपल्या बंदरात आपल्या माणसांना धरलं, तर अमेरिकेची हरकत नव्हती. हरकत होती ती अमेरिकी झेंड्याखालच्या जहाजावरून माणूस उतरवण्याला. एक बाजू जन्म बघत होती, दुसरी झेंडा.

नेपोलियनशी झुंजणाऱ्या ब्रिटिश आरमाराला एक लाख चाळीस हजारांहून जास्त माणसं लागत होती. पगार तुटपुंजा, शिक्षा चाबकाची. अमेरिकी व्यापारी जहाजांवर पैसे कितीतरी जास्त, त्यामुळे ब्रिटिश खलाशी पळून तिकडे जात. यावर अमेरिकेनं 1796 पासून खलाशांना नागरिकत्वाचे दाखले द्यायला सुरुवात केली. 25 सेंटला मिळणारा कागद, त्यात उंची, केसांचा रंग, एखादा व्रण. असे दाखले बंदरात सर्रास विकले जात, आणि ब्रिटिश अधिकारी ते बघून हसत. मग माणूस ओळखायचा कसा? बोलण्यावरून. तो काही फार विश्वासाचा मार्ग नव्हे.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं 1812 पर्यंत नोंदवलेली प्रकरणं सहा हजारांच्या वर होती. यात दोनदा मोजलेले आणि खरोखरच ब्रिटिश असलेले किती, यावर वाद आहे. पण दुसरा एक आकडा जास्त बोलका वाटतो. 1807 मध्ये अमेरिकेच्या अर्थमंत्र्यांनी हिशेब केला, तेव्हा अमेरिकी जहाजांवर सुमारे नऊ हजार ब्रिटिश खलाशी निघाले. ते परत करायचे, तर व्यापारी ताफाच अडून पडला असता. तेव्हा ब्रिटिश खलाशी कामावर ठेवणार नाही, अशा तडजोडीची गोष्ट मागे पडली. अमेरिकेची बाजू न्यायाची होती, हे मान्य करूनही हा हिशेब विसरता येत नाही.

त्याच वर्षी 22 जूनला व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ 'लेपर्ड' या ब्रिटिश जहाजानं 'चेसापीक' या अमेरिकी युद्धनौकेवर तोफा डागल्या आणि चार खलाशी उतरवून नेले. एक ब्रिटिश होता, त्याला फाशी दिलं. तिघं अमेरिकी. त्यातल्या वाचलेल्या दोघांना ब्रिटननं परत आणून सोडलं तो महिना होता जुलै 1812. तोवर युद्ध पुकारून झालं होतं.

मधल्या पाच वर्षांत अमेरिकेनं ब्रिटनची कोंडी करायला आधी स्वतःच्याच बंदरांना कुलूप घातलं. निर्यात एका वर्षात दहा कोटी ऐंशी लाख डॉलरवरून दोन कोटी वीस लाखांवर आली. ब्रिटनला चिमटा बसला, न्यू इंग्लंडचं, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांचं, मात्र कंबरडं मोडलं. आणि गंमत बघा : जहाजं आणि खलाशी ज्यांचे, त्या न्यू इंग्लंडचा युद्धाला सगळ्यात जास्त विरोध होता. समुद्र न पाहिलेले पश्चिमेचे प्रतिनिधी खलाशांच्या नावानं गळा काढत होते. त्यांचा डोळा जमिनीवर होता. मूळनिवासी टोळ्या एकत्र येत होत्या, त्यांच्यामागे ब्रिटिशांचा हात दिसत होता, आणि कॅनडा सहज हाती येईल असं वाटत होतं. युद्धाचा ठराव प्रतिनिधीगृहात 79 विरुद्ध 49 आणि सिनेटमध्ये 19 विरुद्ध 13 असा जेमतेम पार पडला.

दुसरं मोठं कारण होतं तटस्थ व्यापाराला आडकाठी करणारे ब्रिटिश हुकूम. ते 23 जूनला, म्हणजे युद्ध पुकारल्यावर पाचच दिवसांनी, रद्द झाले. अटलांटिक ओलांडायला बातमीला महिना-दीड महिना लागायचा. बातमी पोचल्यावर ब्रिटिशांनी युद्धतहकुबी सुचवली. राष्ट्राध्यक्षांनी खलाशांचा प्रश्न आधी सोडवा म्हणून ती नाकारली. या निर्णयावर आजही एकमत नाही. माझ्या मते युद्धाचं खरं कारण सापडतं ते जूनच्या मतदानात नाही, या नकारात. त्यानंतरची अडीच वर्षं खलाशांच्या नावावर लढली गेली. नेपोलियन पडला, आरमाराची भूक ओसरली, आणि जून 1814 मध्ये अमेरिकेनंच आपल्या वाटाघाटीकारांना मुद्दा सोडायला सांगितलं.

या युद्धाचे धागे मुंबईपर्यंत येतात. 29 डिसेंबर 1812 ला ब्राझीलजवळ 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकी युद्धनौकेनं 'जावा' ही ब्रिटिश युद्धनौका निकामी केली. मुंबईच्या गोदीत पारशी मेस्त्री बांधणार असलेल्या 'त्रिंकोमाली' या ब्रिटिश युद्धनौकेचे नकाशे 'जावा'वर होते. ते पुन्हा मागवावे लागले, आणि जहाज पाण्यात उतरलं 12 ऑक्टोबर 1817 ला, खडकीच्या लढाईच्या तीन आठवडे आधी. 'जावा'वर मुंबईच्या फौजेचा नवा सरसेनापती थॉमस हिस्लॉपही होता. तो कैद झाला, वचनावर सुटला, आणि पाच वर्षांनी महिदपूरला होळकरांना हरवून पुढे थाळनेरच्या किल्लेदाराला फाशी देणारा तो हाच. शेवटची चकमकही कंपनीच्या 'बॉम्बे मरीन' या आरमाराच्या 'नॉटिलस' जहाजाशी झाली, सुंदा सामुद्रधुनीत, 30 जून 1815 ला. लढाई थांबवायला तहात दूरच्या समुद्रांसाठी दिलेली 120 दिवसांची मुदतही तोवर उलटली होती. 'नॉटिलस'चा कप्तान तह झाल्याचं सांगत होता. समोरच्या अमेरिकी जहाजानं निशाण उतरवायला सांगितलं, यानं नाही म्हटलं, तोफा सुटल्या आणि माणसं मेली.

तहानं सीमा होत्या तिथेच ठेवल्या, त्यामुळे 'कोणीच जिंकलं नाही' असं म्हणायची पद्धत आहे. मूळनिवासींना मात्र हे सांगता येणार नाही. त्यांच्या आघाडीचा नेता, शॉनी जमातीचा टेकुम्सेह, 1813 मध्ये पडला, क्रीक या मूळनिवासी लोकांकडून 1814 मध्ये सुमारे 2 कोटी 30 लाख एकर जमीन गेली, आणि 1811 मधले हक्क परत देण्याचं तहातलं कलम कागदावरच राहिलं. युद्धविरोधी पक्षावर देशद्रोहाचा शिक्का बसला आणि तो संपला. कॅनडात 'आपण अमेरिकी नाही' ही भावना घट्ट झाली. अमेरिकेतले सुमारे चार हजार गुलाम ब्रिटिश जहाजांवर चढून सुटले. तेव्हा माणूस कोणाचा हा प्रश्न मालकांनी विचारला, आणि 1826 मध्ये ब्रिटननं त्यांना भरपाई मोजली.

खलाशांना तसं धरून नेणं ब्रिटननं पुन्हा कधी केलं नाही, पण हक्कही सोडला नाही. 'जन्मला तो कायमचा' हे सूत्र ब्रिटिश कायद्यातून गेलं 1870 मध्ये, म्हणजे घेंटच्या तहानंतर 56 वर्षांनी. अमेरिकी नागरिक होताना आधीच्या राजाशी वा राज्याशी असलेली निष्ठा सोडल्याची शपथ मात्र 1795 पासून चालत आली आहे. न्यू जर्सीतले आपले लोक हात वर करून ती आजही घेतात आणि मग भारतीय पासपोर्ट परत करायला जातात.