सायकल शर्यतींचे विजेते अल्पायुषी असतात का?

आरे-वारेच्या चढावर पहाटे सायकली दिसू लागल्या, की रत्नागिरीकडच्या ग्रुपांवर तो जुना मेसेज पुन्हा फिरतो : 'व्यावसायिक सायकलपटूंचं हृदय मोठं होतं, शर्यती सोडल्या की ते लवकर जातात.'

यातलं अर्धं खरं आहे. वर्षानुवर्षांच्या सरावाने हृदयाचे कप्पे मोठे होतात, विश्रांतीतली नाडी मिनिटाला चाळीस ठोक्यांपर्यंत उतरते. पण हा आजार नव्हे. एका ठोक्यात जास्त रक्त ढकललं जातं, म्हणून ठोके कमी लागतात. सराव थांबला की हा आकार बराचसा ओसरतो.

आयुष्याचं काय? १९४७ ते २०१२ या काळात टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या मोठ्या सायकल शर्यतीत उतरलेल्या ७८६ फ्रेंच सायकलपटूंची नोंद तपासली, तेव्हा त्याच वयाच्या इतर फ्रेंच पुरुषांपेक्षा त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघालं. अर्थात, एवढी शर्यत झेपणारा माणूस मुळातच दणकट असतो. सगळं श्रेय सायकलला देता येणार नाही.

मग समज टिकला कसा? अकाली गेलेल्या विजेत्याची बातमी होते, ऐंशीत निवांत जगणाऱ्याची होत नाही. पडताळायचं तर जुन्या विजेत्यांची पूर्ण यादी घ्या, नावं न निवडता सगळ्यांची जन्म-मृत्यूची वर्षं लिहा आणि त्यांच्याच देशातल्या समवयस्कांशी ताडून पाहा.

एक मात्र मनापासून सांगते : अतिदीर्घ सराव केलेल्यांत हृदयाची लय बिघडण्याचा धोका थोडा वाढतो. धडधड, भोवळ किंवा छातीत दुखणं अंगावर काढू नका.