स्प्रिंगवर साय धरते तेव्हा

आमच्या तात्यांच्या हृदयाच्या नसेत मिरजेत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, टाकली त्याला आता पाच महिने झाले. मधे त्यांची दाढ दुखायला लागली, काढायची ठरली, तर कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं रक्त पातळ करायच्या गोळ्या आधी बंद कर, आणि ह्यांनी चार दिवस केल्या की बंद, घरात कुणाला न सांगता. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं म्हणून उघड झालं, त्यांनी तसंच परत पाठवलं. मी चिडलो तर म्हणे, "चार दिसानं काय हुतंय रं, आता आत लोखंड बसलंय न्हवं?"

लोखंड नाही, बहुतेक कोबाल्ट-क्रोमियम असतं, पण खरी भानगड त्या धातूचीच आहे.

आपल्या रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच थर असतो, एन्डोथेलियम म्हणतात त्याला. दुधावरच्या सायीपेक्षा कितीतरी पातळ, पण ती साय आहे तोवर रक्त तिथं गोठत नाही, कारण ती स्वतः नायट्रिक ऑक्साइडसारखे पदार्थ सोडत असते. अँजिओप्लास्टीत फुगा फुगवतात तो १२ ते १६ ॲटमॉस्फिअरला, म्हणजे गाडीच्या चाकात आपण ३२ ची हवा भरतो त्याच्या सहा पटीच्या आसपास, मग साय खरवडली जाणारच. खाली जखम, वर उघडी तार, आणि रक्तातल्या प्लेटलेटना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांना, गुठळी करायला एवढं निमित्त पुरतं. गोळ्या असतात त्या प्लेटलेटना आवरायला, ब्लॉकेज विरघळवायला असतात हा गैरसमज आमच्याकडं घरोघरी आहे.

माणसाला पहिल्यांदा स्प्रिंग बसली १९८६ साली, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये. त्या साध्या स्प्रिंगवर साय लवकर धरायची, महिना-दोन महिन्यांत, पण बऱ्याच जणांत तिच्याखालचा थर इतका जाड व्हायचा की नळी परत आवळायची. म्हणून २००२ च्या सुमारास औषध लावलेल्या स्प्रिंगा आल्या. पहिलं औषध सिरोलिमस, ते सापडलं ईस्टर बेटाच्या मातीतल्या जंतूत, कुठं प्रशांत महासागर आणि कुठं मिरज. हे औषध पेशींची वाढ रोखतं, तो थर जाड होत नाही, पण मग वरची पातळ साय धरायलाही वेळ लागतो, आणि तेवढे दिवस तार उघडी.

तात्यांची स्प्रिंग तर फाट्यावर आहे, मुख्य नस जिथं फुटते तिथं. दर शंभर अँजिओप्लास्टीत पंधरा-वीस अशा फाट्यावरच्या असतात. का, ते तात्यांना मी त्यांच्याच पाटावर नेऊन दाखवलं. पाट जिथं दोन सऱ्यांकडं फुटतो तिथं मधलं मातीचं नाक बघा, पाणी थेट आपटतं म्हणून धुऊन स्वच्छ, आणि गाळ बसतो तो समोरच्या कडांना, जिथं पाणी मंदावतं. नसेतही चरबी त्या बाहेरच्या कडांनाच साठते, नाकावर कमी. (कृष्णा-वारणेच्या संगमाची उपमा सुचली होती हरिपूरची, पण तिथं नद्या मिळतात, इथं फुटतात, सगळं उलटं होतं.)

आता गंमत अशी की जो जोराचा प्रवाह नाकावर गाळ बसू देत नाही, तोच तिथं स्प्रिंगवर साय धरायलाही उशीर लावतो. मृत्यूनंतर तपासलेल्या नसांमध्ये हे दिसलंय, औषधाच्या स्प्रिंगच्या कडेच्या तारा झाकलेल्या, नाकाजवळच्या जास्त उघड्या. म्हणजे एकाच स्प्रिंगचा एक भाग बरा झालेला आणि दुसरा अजून कच्चा.

त्यात मुख्य नसेत स्प्रिंग टाकली की बाजूच्या फांदीच्या तोंडावर तारा अधांतरी राहतात, मागं भिंतच नाही, मग साय चढणार कशावरून? पाटाच्या तोंडाला जाळी लावली की पाचट अडकतं ना, तसं. म्हणून डॉक्टर तिथून छोटा फुगा घालून जाळीचं भोक मोठं करतात, कधी दोन्ही फांद्यांत फुगे एकदम फुगवतात, त्याला किसिंग बलून म्हणतात. अजून एक, फुटण्याआधीची नस जाड असते. फांद्या ३ आणि २.५ मिलिमीटरच्या असतील तर आधीची साधारण ३.७ ची निघते. स्प्रिंग पुढच्या मापाची घेतात, मग मागं ती ढिली राहते, भिंतीला चिकटत नाही, तिथं रक्त घोटाळतं. तेवढा भाग मोठ्या फुग्यानं परत दाबून घ्यायचा, माझ्या मते सगळ्या कामात सगळ्यात साधी आणि सगळ्यात मोलाची पायरी हीच. दोन्हीकडं स्प्रिंगा टाकल्या तर धातूचे थर एकावर एक येतात, झाकायला अजून काम, म्हणून शक्यतो एकीवर भागवतात, दुसरी अडलं तरच.

"मग साय धरली का न्हाई ते कळायचं कसं?" तात्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर. साध्या अँजिओग्राफीत ती दिसत नाही. ओसीटी म्हणून तपासणी आहे, नसेत प्रकाशाची बारीक तार घालतात, १०-१५ मायक्रॉनपर्यंतचं दिसतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि हल्लीच्या स्प्रिंगची तारच ६० ते ८० मायक्रॉन, केसाएवढी. पण त्यासाठी परत नसेत शिरायला लागतं, फक्त साय बघायला कोण शिरणार? म्हणून गोळ्या कॅलेंडरवर चालतात. प्लेटलेटच्या दोन गोळ्या असतात, त्या दोन्ही एरवी साधारण सहा महिने, अटॅक येऊन गेला असेल तर वर्षभर, रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर कमी करतात, नंतर बहुतेक एकच.

तात्यांनी दंडावर बसूनच जाळीतलं पाचट ओढून काढलं. "म्हंजे पाण्याची पाळी संपूस्तर हितं माणूस बसवायचा, असंच न्हवं?"

दाढ परवा काढली, हार्टच्या डॉक्टरांना फोनवर विचारून, गोळ्या चालू ठेवूनच. कापसाचा बोळा जरा जास्त वेळ दाबून धरायला लागला, आणि तेवढा वेळ तात्या गप्प होते.