फुली सीटवर, खिडकी मात्र बंद

परवा पुण्याहून निघालेल्या एका वातानुकूलित बसमध्ये शेजारच्या सीटच्या पाठीवर २०२० सालातली लाल फुली सापडली. खाली ‘येथे बसू नका’ अशी पट्टी. त्यातलं ‘नका’ कुणीतरी नखाने खरवडून काढलं होतं, त्यामुळे पट्टी आता ‘येथे बसू’ असा लाडिक हट्ट करत होती. तिथे एक मुलगी बसली होती आणि खोकत होती. माझा हात सवयीने खिडकीकडे गेला. पण खिडकी कसली, रबरात गच्च बसवलेली लांबलचक काच! उघडायची सोयच नाही. म्हणजे महामारीत ही बस सीटवर फुल्या मारून, अर्धेच प्रवासी घेऊन, आणि काचा अशाच बंद ठेवून धावली असणार.

तेव्हाची बसमधली भांडणं आठवा. मास्क हनुवटीवर आणलेल्याला कंडक्टर हटकायचा. तो म्हणायचा, ‘नाक माझं आहे, तुम्हाला काय त्रास?’ मागून आवाज यायचा, ‘उतरवा त्याला!’ टीव्हीवर हाच वाद ‘व्यक्तिस्वातंत्र्य की सार्वजनिक सुरक्षितता’ या भारदस्त नावाने चालायचा. मला तो निम्मा तरी पदार्थविज्ञानाचा वाटतो. रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने जातो हे कळल्याशिवाय कुणाच्या कशावर टाच आणायची ते ठरत नाही. वाट चुकीची धरली, तर टाच येते आणि रोगही येतो.

कोरोनाची वाट कोणती, याचा एक लख्ख पुरावा बसमध्येच मिळाला होता. १९ जानेवारी २०२० रोजी चीनच्या झेजियांग प्रांतातल्या निंगबो भागातून दोन बस एका बौद्ध मंदिरातल्या पूजेला निघाल्या. पहिलीत ६० जण, दुसरीत ६८. दुसऱ्या बसमधल्या एका व्यक्तीला लागण झालेली होती. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास मिनिटं, मास्क कुणालाच नाही, आणि वातानुकूलन आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवणारं. नंतर तपासलं तर त्या बसमधल्या बाकीच्या ६७ जणांपैकी २३ जण बाधित निघाले, पहिल्या बसमध्ये एकही नाही. दोन्ही बसचे लोक मंदिरात एकाच कार्यक्रमाला होते, पण तो उघड्यावर होता.

खरी गंमत बसण्याच्या नकाशात आहे. रोग शेजारच्या सीटवर थुंकी उडून पसरला असता, तर बाधितांचा घोळका त्या रुग्णाभोवती दिसला असता. तसा तो दिसला नाही. मागे-पुढे लांब बसलेलेही सापडले. आणि उघडता येणाऱ्या खिडक्यांलगत बसलेल्यांपैकी फक्त एकालाच लागण झाली.

इथे थोडं थांबतो, कारण या विषयातला माझा सगळ्यात लाडका भाग हा आहे.

बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही आपल्या तोंडानाकातून थेंब उडतात. त्यांचं पुढे काय होतं हे त्यांच्या आकारावर ठरतं. लहान थेंब हवेतून पडताना त्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट कमी झाला की वेग शंभरपट कमी. १०० मायक्रॉनचा थेंब, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या थोडं वरून, दीड मीटरवरून, साधारण सहा सेकंदांत खाली येतो. १० मायक्रॉनच्या थेंबाला आठ मिनिटं लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला बारा तासांहून जास्त, आणि तेही हवा अगदी निश्चल असेल तर. धावत्या बसमधली हवा निश्चल नसते, तेव्हा तो कण पडतच नाही असं समजा. तो अगरबत्तीच्या धुरासारखा तरंगतो. शिवाय थेंब बाहेर पडताच वाळू लागतो आणि काही सेकंदांत त्याचा व्यास निम्म्याहूनही कमी होतो. जो पडणार होता, तोच तरंगू लागतो.

हे गणित अमेरिकेत विल्यम वेल्स यांनी १९३४ सालीच मांडलं होतं. पडणारे आणि तरंगणारे यांच्यातली सीमा त्यांच्या हिशेबाने १०० मायक्रॉनच्या आसपास होती. पुढे क्षयरोगाच्या अभ्यासात वेगळाच ५ मायक्रॉनचा आकडा आला. फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत पोचायचं तर कण एवढा लहान हवा, असा त्याचा अर्थ. पाठ्यपुस्तकांत कधीतरी या दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि ‘५ मायक्रॉनच्या वरचं सगळं दोन मीटरच्या आत खाली पडतं’ असा सिद्धान्त रूढ झाला. वरचा हिशेब पुन्हा लावून पाहा, ५ मायक्रॉनचा कण दीड मीटर पडायला अर्धा तास घेतो! तरीही २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘कोविड हवेतून पसरत नाही’ असं ठासून जाहीर केलं. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांना जाहीर पत्र लिहून ही चूक सांगावी लागली.

मग आपण मधल्या काळात काय केलं? फवारलं. बरेलीत मार्च २०२० च्या शेवटी, गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर उकिडवं बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक मारलं गेलं. माणसांवर फवारणी करू नका, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिलमध्ये बजावून सांगावं लागलं. माणसाची अप्रतिष्ठा शंभर टक्के, सुरक्षितता शून्य. दुसरीकडे भीमसेनी कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी रुमालात बांधून हुंगणारे होतेच, त्याने ऑक्सिजन वाढतो म्हणे. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन जिथे होता तिथेच राहतो. ‘विषाणूसाठी मास्क म्हणजे डासांसाठी काटेरी कुंपण’ हा विनोदही फिरला. विषाणू एकटा उडत नाही, थेंबात बसून येतो. आणि चांगला मास्क हा काही चाळणी नव्हे. त्याच्या धाग्यांवर विद्युतभार असतो, बारीक कण त्यांना चिकटतात.

आता बसचा हिशेब. आकडे ढोबळ आहेत, पण हिशेब सरळ आहे. ४४ सीटच्या बसमध्ये साधारण ५० घनमीटर हवा मावते. शांत बसलेला माणूस तासाला जवळजवळ अर्धा घनमीटर हवा उच्छ्वासातून सोडतो. भरलेल्या बसमध्ये ताशी २२ घनमीटर उच्छ्वास. काचा बंद असताना फटींतून, दारातून तासाला चार वेळा हवा बदलते असं धरू. म्हणजे ताशी २०० घनमीटर ताजी हवा. भागाकार करा, ११ टक्के. तुमचा दर नववा श्वास कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला.

प्रवासी निम्मे केले, २२ बसवले. आता दर अठरावा श्वास उष्टा.

प्रवासी पूर्ण ४४ ठेवले आणि चार खिडक्या उघडल्या. चालत्या गाडीत तासाला वीस वेळा हवा बदलणं अवघड नाही. ताशी १,००० घनमीटर. आता दर पंचेचाळिसावा श्वास उष्टा.

एसटीने मे २०२० मध्ये जिल्ह्यांतर्गत गाड्या सुरू केल्या तेव्हा अशीच निम्मी आसनं भरायची होती, आणि पूर्ण क्षमतेला परवानगी सप्टेंबरमध्ये मिळाली. निम्म्या आसनांचा नियम निरर्थक होता असं मी म्हणत नाही. तो काय करतो ते मात्र नीट पाहायला हवं. समजा एक बाधित गाडीत चढलाच. त्याने सोडलेले विषाणू ताज्या हवेत किती पातळ होतात यावर तुमचा धोका ठरतो. शेजारची सीट रिकामी आहे की नाही, याने गाडीभर पसरलेल्या हवेचं काहीच बदलत नाही. फरक दोन ठिकाणी पडतो. बाधित चढण्याची शक्यता निम्मी होते आणि लागण होऊ शकेल असे लोकही निम्मे होतात. म्हणून दर फेरीतली अपेक्षित लागण चौथ्या हिश्श्यावर येते. पण तेवढेच प्रवासी न्यायला फेऱ्या दुप्पट लागतात, म्हणजे एकूण लागण निम्मी. आणि जादा गाड्या नसतील तर? उरलेले २२ जण घरी थोडेच बसतात. ते वडापच्या जीपमध्ये मांडीला मांडी लावून जातात, आणि जीपमधला बाधित कुठल्याच नियमाला सापडत नाही. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर सोडून द्या, खिडकीचं लक्षात ठेवा.)

खिडकीचंही एक शास्त्र आहे. बसचं तोंड बोथट असतं. समोरची हवा त्यावर आपटून कडेला फुटते, त्यामुळे पुढच्या खिडक्यांपाशी दाब कमी होतो आणि तिथून आतली हवा बाहेर ओढली जाते. मागच्या खिडक्यांतून ती आत शिरते. म्हणजे गाडी पुढे जाते आणि आतला वाराही मागून पुढे वाहतो. मोटारीतही असंच घडतं, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये संगणकावर हवेचे प्रवाह काढून ते दाखवलं. त्यामुळे एकच खिडकी सताड उघडण्यापेक्षा पुढची एक आणि मागची एक थोडीथोडी उघडी ठेवणं कामाचं. हवेला यायलाही वाट लागते आणि जायलाही.

मागून पुढे वाहणारा हा वारा कुणाकडे जातो? ड्रायव्हरकडे. स्वातंत्र्याची चर्चा प्रवाशापुरतीच करणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं. लागणीच्या समीकरणात वेळ हा सरळ गुणक असतो. प्रवासी चाळीस मिनिटं बसतो, कंडक्टर आणि ड्रायव्हर आठ तास. ‘मला धोका पत्करायचाय’ म्हणणारा पुढच्या थांब्यावर उतरतो, कंडक्टरला ती मुभा नाही. लंडनने एप्रिल २०२० मध्ये ड्रायव्हरजवळचं पुढचं दार बंद करून प्रवाशांना मधल्या दाराने चढवायला सुरुवात केली, ती याच कारणाने. आणि नियम पाळायला लावायचं कामही त्याच माणसाच्या गळ्यात. फ्रान्समधल्या बायॉन शहरात जुलै २०२० मध्ये मास्क आणि तिकिटावरून हटकणाऱ्या एका बसचालकाला मारहाण झाली, त्यात त्याचा जीव गेला.

बसमध्ये मास्कची सक्ती मला म्हणूनच पटते. तासाभराची गैरसोय, आणि ती उच्छ्वास बाहेर पडतो तिथेच त्याला अडवते. गप्प बसणं तर फुकटच आहे. बोलताना नुसत्या श्वासापेक्षा कितीतरी जास्त कण उडतात. जपानमध्ये गाड्यांतून ‘कृपया संभाषण टाळा’ अशा सूचना चालू असायच्या, दंड काही नव्हता. आपल्याकडे मोबाइलवर ‘हां, आता शिरवळ आलं’ हे अख्ख्या गाडीला सांगितल्याशिवाय प्रवास पुरा होत नाही, ते सोडा.

लसीच्या अटीचं तसं नाही. नोव्हेंबर २०२१ अखेरच्या आदेशाने महाराष्ट्रात सार्वजनिक वाहनांत दोन्ही मात्रा घेतलेल्यांनाच प्रवेश ठेवला गेला. लस आजार गंभीर होऊ देत नाही, माझ्या घरी सगळ्यांनी घेतली, पुन्हा लागली तर पुन्हा घेऊ. पण बसच्या दारात प्रश्न वेगळा असतो. हा माणूस शेजाऱ्याला लागण देण्याची शक्यता किती कमी झाली? ओमायक्रॉन आल्यावर ते उत्तर फारच क्षीण झालं, दोन मात्रा घेतलेलेही धडाधड एकमेकांना देत होते. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच बोट ठेवलं. कुणावर लसीची सक्ती करता येत नाही, निर्बंध घालता येतात, पण लस न घेतलेले जास्त पसरवतात अशी आकडेवारी समोर नसताना त्यांना सार्वजनिक जागी अडवणं प्रमाणाबाहेरचं आहे. महाराष्ट्रातले निर्बंध तोवर, गुढीपाडव्याला, उठलेही होते.

मार्च २०२० मध्ये राज्याने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगमुळे झालेला. त्या वर्षी पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घराघरांत घुसले, माणसं ओढून छावण्यांत नेली, सामानसुमान रस्त्यावर जाळलं. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलंय. शाळेत न शिकवलेला भाग असा, की तेव्हा प्लेगची वाट सरकारला ठाऊकच नव्हती. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने ती १८९८ मध्ये कराचीत शोधली. त्याने आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर जाळीने वेगळे ठेवले. स्पर्श नाही, पण पिसवांना उडी मारायला जाळी आड येत नव्हती. निरोगी उंदीर प्लेगने मेला. सोजीर ज्या घरात माणसं धुंडाळत होते, तिथे रोग उंदराच्या अंगावर बसलेला होता. आणि गावोगावचे लोक मात्र ‘उंदीर पडायला लागले’ म्हटलं की घर सोडून शेतात खोपटं घालून राहत, कुणी हुकूम दिला नसताना.

त्या दिवशी बसमधल्या मुलीला मी खोकल्याची गोळी दिली. मग ड्रायव्हरला जाऊन विचारलं की आतलीच हवा फिरवण्याऐवजी बाहेरची घेता येते का. तो म्हणाला, ‘काका, बटण आहे, पण मग गार होत नाही, लोक ओरडतात.’ छतातली हवेची झडप तरी उघडा म्हटलं, तर ती गंजून बसली होती. खंबाटकी घाट उतरेपर्यंत मी आणि क्लीनर तिच्याशी झटत होतो. शेवटी चार बोटं उघडली.