चावली गोचीड, बाधलं मटण

ही गोष्ट सुरू होते कर्करोगाच्या एका औषधापासून. मटण त्यात बरंच नंतर येतं.

सेटुक्सिमॅब हे औषध अमेरिकेत 2004 साली बाजारात आलं. थोड्याच दिवसांत डॉक्टरांना एक विचित्र प्रकार दिसू लागला. देशाच्या बहुतेक भागांत ते शंभरातल्या दोन-तीन रुग्णांनाच तीव्र बाधायचं. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनात मात्र जवळपास पाचातल्या एका रुग्णाला, तेही पहिल्याच सलाईनला. पहिल्यांदा भेटणाऱ्या पदार्थाची ॲलर्जी सहसा होत नाही. शरीराची त्याच्याशी आधी कुठेतरी गाठ पडलेली असावी लागते. मग या लोकांची कुठे पडली होती?

व्हर्जिनिया विद्यापीठातल्या थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या गटाने उत्तराचा अर्धा भाग शोधला; तो प्रसिद्ध झाला 2008 मध्ये. हे औषध उंदराच्या पेशींत तयार होतं आणि त्या पेशी त्यावर एक साखर चिकटवतात. तिचं सुटसुटीत नाव अल्फा-गॅल. गॅलॅक्टोजचे दोन रेणू एका ठरावीक पद्धतीने जोडलेले असले की ती झाली. त्या रुग्णांच्या रक्तात औषध सुरू होण्याआधीच या साखरेविरुद्धची आयजीई प्रतिपिंडं होती. आयजीई म्हणजे ॲलर्जी घडवून आणणारी प्रतिपिंडं.

गाय, बकरी, मेंढी, डुक्कर, उंदीर अशा बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पेशींवर अल्फा-गॅल असते. माणसात, वानरांत आणि आफ्रिका-आशियातल्या माकडांत ती नसते. ती बनवणारं जनुक आपल्या पूर्वजांत दोन-तीन कोटी वर्षांपूर्वीच बंद पडलं. त्यामुळे आपल्या शरीराला ती कायमच परकी. तरी पिढ्यान्‌पिढ्या मटण खाऊन माणसाला काही झालं नाही. तोंडावाटे आलेलं अन्न शरीर सहसा मुकाट्याने स्वीकारतं. कातडी फोडून आत शिरलेल्या गोष्टीला ते शत्रू मानतं.

कातडी कोण फोडतं, याचा माग नकाशाने लावून दिला. औषध ज्या राज्यांत बाधत होतं, तिथेच रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर हा गोचिडीमुळे होणारा ताप जास्त आढळत होता. त्याच पट्ट्यात लोन स्टार नावाची गोचीड माजलेली असते. मादीच्या पाठीवर एकच पांढरा ठिपका, म्हणून हे नाव. हिची पिल्लंसुद्धा माणसाला सोडत नाहीत. खसखशीएवढी शेकडो पिल्लं एकदम पायावर चढतात. तिकडे ऑस्ट्रेलियात सिडनीच्या डॉक्टर शेरिल व्हॅन न्यूनेन यांनाही स्वतंत्रपणे हेच दिसत होतं. मांस न चालणारे त्यांचे रुग्ण आधी गोचीड चावलेले होते, फक्त तिथली गोचीड वेगळ्या जातीची.

आणि मग संशोधकाचंच शरीर प्रयोगशाळा झालं. 2007 च्या उन्हाळ्यात प्लॅट्स-मिल्स डोंगरात भटकून आले, ते घोट्यांवर असंख्य बारीक गोचिडी घेऊन. त्यांनी स्वतःचं रक्त तपासत राहायचं ठरवलं आणि अल्फा-गॅलविरुद्धची प्रतिपिंडं चढताना पाहिली. काही महिन्यांनी त्यांनी रात्रीच्या जेवणात मेंढीचं मांस खाल्लं. सुमारे सहा तासांनी अंगभर गांध्या उठल्या. एखाद्या शास्त्रज्ञाला गांध्या उठल्याचा आनंद झाला असेल, तर तो बहुधा याच रात्री.

ते सहा तास हीच या आजाराची, म्हणजे अल्फा-गॅल सिंड्रोमची, खरी लबाडी. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी बहुधा ताटावरून उठायच्या आत कळते. इथे मांस खाल्ल्यावर दोन ते सहा तास काहीच होत नाही. मग मध्यरात्री खाज, पोटात कळा, उलट्या, जुलाब, कधी ओठ-घसा सुजणं, रक्तदाब कोसळणं. या उशिराचं सर्वांत पटणारं कारण चरबी हे आहे. चरबीला जोडलेली अल्फा-गॅल पचून, लसिकावाहिन्यांतून फिरून रक्तात पोचायला तेवढा वेळ लागतो. आपल्याकडे कुणी असं उठून बसलं तर घरचे म्हणतील, ‘अंगावर पित्त उठलंय, कोकम लावा.’ आयुष्यभर पचलेल्या मटणावर कोण संशय घेणार?

आपल्याला गोचीड परकी नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांद्याकडच्या काजूबागांत आणि गोव्याच्या सत्तरीत माकडतापाने तिची चांगलीच ओळख करून दिली आहे. पण तिथे ती विषाणू सोडते. इथे जंतूच नाही. लाळेतली साखरच शरीराला भडकवते. गंमत म्हणजे बी रक्तगटाची खूण रचनेने अल्फा-गॅलच्या फार जवळची आहे आणि या रुग्णांत बी गटाचे लोक अपेक्षेपेक्षा कमी आढळतात. भारतात बी गटाला तोटा नाही!

कोंबडी, मासे, अंडी यांना या ॲलर्जीत मुभा असते, कारण त्यांच्यात अल्फा-गॅल नसते. काहींना मात्र दूध आणि जिलेटिनच्या कॅप्सूलही चालत नाहीत. औषध असं नाही. मांस टाळायचं आणि पुन्हा गोचीड चावू द्यायची नाही. दुसरं पाळलं तर काही वर्षांत प्रतिपिंडं उतरतात आणि काहीजण पुन्हा मटण खाऊ लागतात. अल्फा-गॅल नसलेल्या, जनुक बदललेल्या डुकरांना अमेरिकेने डिसेंबर 2020 मध्ये मान्यताही दिली आहे.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2010 ते 2022 या काळात 1 लाख 10 हजार संशयित रुग्ण मोजले. प्रत्यक्षात साडेचार लाखांपर्यंत असावेत, असा त्यांचा अंदाज. तिथल्या डॉक्टरांना विचारलं, तर 42 टक्क्यांनी या आजाराचं नावही ऐकलेलं नव्हतं.

2024 च्या उन्हाळ्यात तिथे एका धडधाकट माणसाला स्टेक खाल्ल्यावर मध्यरात्री पोटात असह्य कळा आल्या. सकाळी तो बरा होता. दोन आठवड्यांनी त्याने हॅम्बर्गर खाल्लं आणि काही तासांत तो गेला. शवविच्छेदनात कारण सापडलं नाही. पुढे जपून ठेवलेलं रक्त तपासलं तेव्हा अल्फा-गॅलविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली. त्या उन्हाळ्यात त्याच्या घोट्यांभोवती बारा-तेरा खाजऱ्या पुटकुळ्या उठल्या होत्या. घरच्यांना ते भलत्याच किड्याचे चावे वाटले होते.