टिअरड्रॉप ट्रेलर आठ बाय चारचाच का?

घरच्या घरी जुन्या धाटणीचा कॅम्पिंग ट्रेलर बांधायला घेणारे बहुतेकजण टिअरड्रॉपपासून, म्हणजे अश्रूच्या थेंबाच्या आकाराच्या ट्रेलरपासून सुरुवात करतात. चार फूट रुंद, आठ फूट लांब, साधारण चार फूट उंच. पुढून गोल, मागे निमुळता. आत दोघांना झोपण्यापुरती जागा, आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. ही मापं कुणा एका डिझायनरच्या डोक्यातून आलेली नाहीत. ती प्लायवूडच्या तक्त्यानं, भंगारातल्या मोटारींच्या एक्सलनं (चाकांच्या आसानं) आणि त्या काळच्या इंजिनांच्या ताकदीनं ठरवली. त्यातलं काय कशातून आलं हे माहीत असलं, की आज बांधताना काय जपायचं आणि काय बेलाशक बदलायचं, हे ठरवणं सोपं जातं.

अमेरिकेत मोटारीनं फिरून मुक्काम करण्याची हौस पहिल्या महायुद्धानंतर फोफावली. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटनाच निघाली. तेव्हा मुक्काम म्हणजे फोर्डच्या मॉडेल टीला बांधलेला तंबू, किंवा ओढून नेऊन उलगडायचा कापडी ट्रेलर. पावसात तो उलगडणं म्हणजे अंथरूण भिजवणंच. डेट्रॉइटचा जीवाणूशास्त्रज्ञ आर्थर शर्मन याला १९२९ च्या सुट्टीत हाच अनुभव आला आणि त्यानं कापड सोडून टणक भिंतींची पेटी करून घेतली. त्यातून उभी राहिलेली ‘कव्हर्ड वॅगन’ कंपनी काही वर्षांत अमेरिकेतली सर्वांत मोठी ट्रेलर कंपनी झाली. तिच्या ट्रेलरच्या भिंती मेसोनाइटच्या होत्या. लाकडाच्या चिपा वाफेनं फुलवून, दाबून केलेला हा तक्ता विल्यम मेसननं १९२४ मध्ये मिसिसिपीतल्या लॉरेल इथे शोधला. स्वस्त, सपाट, वाकवायला बरा. पण कडेनं पाणी शिरलं की फुगतो. त्या काळचे ट्रेलर फारसे उरले नाहीत, यामागे हे एक मोठं कारण आहे.

प्लायवूडचीही सुरुवातीला हीच रड होती. तक्ते मोठे मिळत, पण जुने सरस ओल धरत आणि थर सुटत. १९३४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या अ‍ॅबरडीनच्या हार्बर प्लायवूड कॉर्पोरेशनमधले रसायनतज्ज्ञ जेम्स नेव्हिन यांनी पूर्णपणे पाण्यात टिकणारा गोंद बनवला, आणि चार बाय आठचा तक्ता उघड्यावरच्या कामाला लायक ठरला. घरगुती टिअरड्रॉपचा खरा इतिहास इथून सुरू होतो. एका तक्त्यात एक बाजू, दुसऱ्यात दुसरी आणि तिसऱ्यात तळ: जोड नाही, उरणारा माल कमी, आणि वक्र कापायला हातकरवतही पुरते. आपल्याकडेही लाकूडबाजारात तोच तक्ता ‘आठ बाय चार’ म्हणून मिळतो, त्यामुळे जुने आराखडे फारशी ओढाताण न करता उतरवता येतात. फक्त प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचं, म्हणजे मरीन घ्यावं. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ म्हणणाऱ्या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये.

थेंबाचा आकार विमानविद्येच्या हवेतून आला. १९३० च्या दशकात रेल्वे इंजिनापासून टोस्टरपर्यंत सगळंच गोलाईदार होत होतं. ट्रेलरच्या बाबतीत मात्र ती निव्वळ फॅशन नव्हती. हॉली बोलस हा ग्लायडर बांधणारा माणूस. एकट्यानं अटलांटिक ओलांडणारा वैमानिक लिंडबर्ग याच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ विमानाच्या बांधणीवर त्याची देखरेख होती. त्यानं १९३४ मध्ये ‘रोड चीफ’ हा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर काढला. ‘एअरस्ट्रीम’ या ट्रेलर कंपनीचा वॉली बायम याची सुरुवात तर घरी बांधणाऱ्यांना आराखडे विकण्यातूनच झाली होती. बोलसच्या धाटणीवर त्यानं १९३६ मध्ये रिव्हेट मारलेला ‘क्लिपर’ आणला. हे महाग प्रकार. घरगुती टिअरड्रॉपनं त्यातून गोलाई उचलली आणि उंची सोडून दिली. चार फुटांची पेटी मोटारीच्या मागे जवळपास झाकली जाते. ८५ अश्वशक्तीच्या फोर्ड व्ही-८ ला ते मानवत होतं.

दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅल्युमिनियमवर सरकारी निर्बंध आले आणि घरगुती कामासाठी ते मिळेनासं झालं. युद्ध संपल्यावर उलटं झालं: विमानांसाठीचे पत्रे आणि लष्करी जीपची १६ इंची चाकं शिल्लक मालात स्वस्तात मिळू लागली. कॅलिफोर्नियात ‘किट मॅन्युफॅक्चरिंग’सारख्या कंपन्या तयार टिअरड्रॉप विकू लागल्या, आणि सप्टेंबर १९४७ मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकानं छापलेला आराखडा आजही लोक समोर ठेवून बांधतात.

या काळच्या ट्रेलरांचे बाहेर आलेले, फुगीर मडगार्ड शोभेचे नव्हेत. एक्सल जुन्या मोटारीचा. दोन चाकांमधलं अंतर साधारण ५६ इंच, पेटी ४८ इंचांची. म्हणजे चाकं बाहेरच राहणार. आज वर्कशॉपकडून हव्या मापाचा एक्सल करून मिळतो, तेव्हा चाकं आत घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. चाकं आत घेतली की झोपायच्या जागेत चाकांच्या पेट्या येतात आणि ट्रेलर डुलतो. मोटारीचा पुढचा एक्सल वापरणं मात्र सोडून द्यावं. त्याचे वळणारे सांधे वेल्डिंग करून बांधावे लागत आणि ते काम कच्चं राहिलं की चाक तिरकं होऊन टायर एकाच कडेनं झिजे. रबरी टॉर्शन एक्सल (ज्यात रबर पिळलं जाऊन धक्के झेलतं तो) घ्यावा, पण भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या जवळपासचा. ९०० किलो क्षमतेचा एक्सल ५०० किलोच्या ट्रेलरखाली दबतच नाही. खड्ड्यागणिक पेटी उडते, आतले स्क्रू सैल होतात.

वजनाची वाटणी ही जुन्या आराखड्यांची सर्वांत कच्ची बाजू. ओटा मागे असल्यानं पाणी, बर्फाची पेटी, स्टोव्ह हे सगळं एक्सलच्या मागे जातं. हिचवर, म्हणजे ओढणाऱ्या मोटारीच्या मागच्या जोडावर, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. तो कमी झाला की ठरावीक वेगानंतर ट्रेलर शेपटी हलवू लागतो, आणि तिथे ब्रेक मारला की ते हलणं आणखी वाढतं. गणित साधं आहे. रिकामा ट्रेलर ४५० किलोचा, कप्लरपासून (हिचवर बसणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या टोकापासून) एक्सल २.७ मीटरवर, गुरुत्वमध्य एक्सलच्या ३२ सेंमी पुढे, असं धरलं तर हिचवर सुमारे ५३ किलो येतात, म्हणजे १२ टक्के. आता ओट्यावर ७० किलो सामान एक्सलच्या ६० सेंमी मागे ठेवा: हिचवरचे साडेपंधरा किलो उचलले गेले, उरले ३८, एकूण ५२० च्या जेमतेम ७ टक्के. २० किलोची बॅटरी एक्सलच्या २.१ मीटर पुढे, ट्रेलर ओढायच्या दांड्यावर बसवली की गेलेला भार जवळपास तेवढाच परत येतो. म्हणून चॅसिस वेल्ड करण्याआधी सामानासकट हिशेब कागदावर मांडावा आणि ट्रेलर पूर्ण झाला की कप्लरखाली वजनकाटा ठेवून तो तपासावा.

मागचं झाकण सगळ्यांनाच छळतं. पातळ प्लाय वाकवून चिकटवलं की शिकंजे काढताच ते सरळ व्हायला बघतं. झाकणाचा खालचा काठ पेटीपासून बोटभर दूर उभा राहतो आणि रबरी पट्टी कितीही जाड लावली तरी पाणी येतंच. उपाय दोन, आणि दोन्ही हवेत. झाकणाच्या फासळ्या वाकवलेल्या पट्ट्यांच्या न करता १८ मिमी प्लायमधून थेट वक्रात कापाव्यात, वक्र किंचित जास्त ठेवून. आणि आतलं-बाहेरचं प्लाय झाकण पेटीवरच आवळून चिकटवावं, गोंद पूर्ण वाळेपर्यंत हलवू नये. ३ मिमी प्लाय साधारण ३० सेंमी त्रिज्येपर्यंत वाकतं, वरच्या थराचे रेषे आडवे ठेवले तर. उभे ठेवले तर कडकन मोडतं. वरच्या बिजागरीतून येणारं पाणी नुसतं अडवून थांबत नाही. बिजागरीखाली दोन्ही बाजूंना उतरणारी पन्हळ द्यावी लागते.

बाहेरचा १ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लाकडावर पूर्ण चिकटवायचा की नाही, यावर अजून वाद घातले जातात. आमचं मत साफ आहे: चिकटवू नये. साडेतीन मीटर लांबीचा पत्रा ४० अंशांच्या फरकात तीन मिलिमीटरहून जास्त वाढतो, लाकूड त्याच्या आसपासही नाही. चिकटवलेला पत्रा उन्हात फुगवटे धरतो. कडेच्या पट्ट्यांनी धरावा, मध्ये मोकळा ठेवावा, पट्टीखाली ब्यूटाइल टेप (रबरी चिकटपट्टी) आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. सिलिकॉन सीलंट नको. एकदा लागलं की त्या जागी पुढे दुसरं काही नीट चिकटत नाही.

हे धडे खरं तर टिअरड्रॉपनंतरच्या पिढीनं शिकवले. १९५० च्या दशकात मोटारी ताकदवान झाल्या, १९५६ च्या कायद्यानं इंटरस्टेट महामार्गांचं काम सुरू झालं, आणि लोकांना आत उभं राहता येईल असे ट्रेलर हवे झाले. ‘शास्टा’सारख्या कंपन्यांचे हॅमच्या डब्याच्या आकाराचे ट्रेलर म्हणजे एक बाय दोन इंची पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर पातळ पत्रा. सांध्यातली पुट्टी काही वर्षांत कडक होऊन तडकली, छतावरच्या दिव्यांच्या भोकांतून पाणी उतरलं आणि पत्रा चकाचक असताना आतलं लाकूड भुसा झालं. असा ट्रेलर दुरुस्त करणारा आधी दिव्यांच्या खालचा कोपरा अंगठ्यानं दाबून बघतो.

टिअरड्रॉप मात्र १९९० नंतर पुन्हा वर आला, कारण लहान मोटारींना तेवढाच ओढवतो. आपल्याकडे बांधायचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हा ‘मोटार वाहना’तच मोडतो, म्हणजे त्याची नोंदणी लागते. चॅसिसचं रेखाचित्र, ब्रेक आणि दिवे यांबद्दल आरटीओत विचारणा प्लाय कापण्याआधी करावी, आणि ओढणाऱ्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलरचं वजन दिलंच नसेल तर त्या गाडीचा विचार सोडावा.