कॉपर पेप्टाइड

अमिनो आम्लांची जी छोटी साखळी तांब्याचा आयन धरून ठेवते तिला कॉपर पेप्टाइड म्हणतात. सर्वांत जास्त संशोधन झालेले जीएचके-सीयू (सीयू म्हणजे तांबे) हे ग्लायसीन, हिस्टिडीन आणि लायसीन या तिघांचे असते आणि दिसायला निळे असते. त्यातले जीएचके माणसाच्या रक्तद्रवात मुळातच असते. लॉरेन पिकार्ट यांनी ते १९७३ मध्ये यकृताच्या पेशींवरील प्रयोगांतून पुढे आणले.

जखम भरताना कातडीतील फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेन हे कातडीला बळकटी देणारे प्रथिन तयार करतात. त्याचे धागे एकमेकांत सांधणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या विकराला तांबे लागतेच. १९८८ मध्ये फ्रान्समधील माकार आणि सहकाऱ्यांना पेशी-संवर्धनात असे दिसले, की जीएचके-सीयू घातल्यावर कोलॅजेनची निर्मिती वाढते आणि सुमारे एक नॅनोमोलर इतक्या अत्यल्प प्रमाणाला ती सर्वाधिक असते. केसांचा पुरावा याहून तोकडा आहे. २००७ मध्ये कोरियन संशोधकांनी एएचके-सीयू हे भावंड-पेप्टाइड वापरले, तेव्हा शरीराबाहेर जगवलेली केसांची मुळे अधिक वाढली. पण बशीतल्या मुळावरून टकलावर केस उगवतील असे म्हणता येत नाही, जाहिराती काहीही सांगोत.

विदर्भातल्या शेतकऱ्याला प्रमाणाची ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण निळे तांबे, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट), त्याच्या घरातच असते. वरुड, मोर्शी, काटोलकडे संत्र्याच्या डिंक्यावर (झाडातून डिंक गळण्याच्या रोगावर) बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक वापरतात: १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. म्हणजे लिटरला १० ग्रॅम मोरचूद. एक नॅनोमोलर द्रावणात जीएचके-सीयू लिटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी भरते. हा फरक कोट्यवधी पटींचा आहे. शिवाय पेप्टाइडने तांबे घट्ट धरलेले असते. मोरचूद पाण्यात विरघळले की त्यातले तांबे मोकळे होते आणि उघड्या मांसाला जाळते. जनावरांचे खूर मोरचुदाच्या पाण्याने धुतात, तेच माणसाच्या जखमेला चालेल असे समजणे धोक्याचे आहे. पऱ्हाटी (कपाशीचे झाड) कापल्यावर उरलेला खुट अनवाणी पायात घुसला, तर जखम साबण-पाण्याने स्वच्छ धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मधुमेह असलेल्याने तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.