एफएमला घरघर लागली, हे इतक्यात म्हणू नका

नॉर्वेने 2017 साली राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम प्रसारण बंद केलं. 2024 च्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेनेही तेच केलं. अशा बातम्या आल्या की ‘आता रेडिओ ऐकतंय कोण?’ हा सूर लागतोच. हवं ते गाणं हवं तेव्हा देण्यात स्ट्रीमिंगने बाजी मारली आहे, हे मान्य. पण म्हणून एफएमचं तंत्रच टाकाऊ ठरवणं मला अजिबात पटत नाही.

पावसाळ्यात वीज कडाडली की मीडियम वेव्हवर खरखर होते, एफएमवर जवळजवळ नाहीच. मीडियम वेव्हमध्ये आवाजानुसार लहरीची उंची बदलते, हीच एएम पद्धत. विजेचा तडाखाही उंचीच बदलतो, मग रेडिओने दोन्ही वेगळे करायचे कसे? एफएममध्ये आवाज वारंवारितेच्या, म्हणजे लहर सेकंदाला किती वेळा हलते याच्या, चढउतारात साठवलेला असतो, उंचीला काही अर्थच नसतो. त्यामुळे रेडिओतलं लिमिटर नावाचं सर्किट लहरींचे माथे खुशाल एका उंचीवर छाटून टाकतं आणि खरखरीचा मोठा भाग तिथेच गळतो.

तरी थोडा गोंगाट उरतो, कारण तो लहरीची कलाही (फेज, म्हणजे लहर तिच्या आवर्तनात कुठवर पोहोचली ते) हलवतो आणि कला छाटता येत नाही. 1922 मध्ये अमेरिकी अभियंते जॉन कार्सन यांनी एफएमचा काही फायदा नाही, असं गणिताने मांडलं होतं. त्यांचा विचार अरुंद पट्ट्याचा, म्हणजे वारंवारिता थोडीशीच हलवण्याचा होता. अमेरिकी संशोधक एडविन आर्मस्ट्राँग यांनी पट्टा मुद्दाम रुंद केला आणि 1933 मध्ये पेटंट मिळवलं. आज वारंवारिता दोन्ही बाजूंना 75 किलोहर्ट्झपर्यंत हलते, आवाज मात्र 15 किलोहर्ट्झपर्यंतचाच असतो. गुणोत्तर 5. आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीची शक्ती तेवढीच असलेल्या एएमशी तुलना केली तर संदेश आणि गोंगाटाचं प्रमाण 5 च्या वर्गाच्या तिप्पट, म्हणजे 75 पट सुधारतं. डेसिबलमध्ये सुमारे 19. अट एकच: मुळात संदेश पुरेसा जोरकस हवा.

याच गुणाची दुसरी बाजू घाट ओलांडताना अनुभवता येते. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे रेडिओ मिरची 98.3 वरच आहे. दोन्ही लहरी पोहोचतात तिथे आवाजांची खिचडी होत नाही. जी लहर जोरकस ती दुसरीला दाबून टाकते, आणि दोघी तुल्यबळ झाल्या की रेडिओ कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे उडी मारतो.

आता स्ट्रीमिंगचा हिशोब करा. 128 किलोबिट प्रतिसेकंदाने एक लाख लोक ऐकत असतील, तर सर्व्हरमधून सेकंदाला 12.8 गिगाबिट बाहेर पडायला हवेत. एफएमच्या मनोऱ्याला एक श्रोता काय नि एक लाख काय, वीज तेवढीच लागते. वादळात मोबाइलचं नेटवर्क कोलमडलं तरी सेलवरचा रेडिओ बोलत राहतो. ‘डिजिटल म्हणजे सरसच’ हाही भाबडा समज आहे. डिजिटल संदेश ठरावीक मर्यादेखाली गेला की आवाज तुटून थेट शांतता होते. एफएम खरखरत का होईना, बातमी कळेल इतपत ऐकू येतं.

खरी अडचण मोबाइलची आहे. 100 मेगाहर्ट्झची लहर 3 मीटर लांब, तिचा चतुर्थांश 75 सेंटिमीटर. म्हणूनच इअरफोनची वायर अँटेनाचं काम करते. कंपन्यांनी इअरफोनचं भोकच काढून टाकलं, तर काही फोनमध्ये चिप असूनही एफएम बंद ठेवलं. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ही सोय बंद करू नका, अशी सूचना कंपन्यांना केली. नवा फोन घेताना दुकानदाराला एफएम आहे का, हे जरूर विचारा.